चाळीस फरश्यांचं अंगण

अठ्ठावन्नाव्या फेरीला भिंगरीचा बूट रेषेपासून वीतभर लांब होता तेव्हाच बीप वाजला, आणि खेळाच्या बाईंनी बसल्या जागेवरून बोट उचललं.

"बाद!"

एकसष्ट फेऱ्या हव्या होत्या. तीन कमी पडल्या. भिंगरी धडपडत भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. छातीत लोहाराचा भाता चालला होता, पण डोक्यात त्याहून मोठा आवाज होता: हे शक्यच नाही.

परीक्षा दिसायला अगदी साधी. जमिनीवर दोन रेषा, मध्ये वीस मीटर. फोनवर बीप वाजला की या रेषेवरून निघायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत त्या रेषेवर पाय टेकवायचा. मग पुन्हा उलटं. दर मिनिटाला नवा टप्पा सुरू होतो आणि बीप आणखी घाई करायला लागतात. पहिल्या टप्प्यात मुली गप्पा मारत पळतात. पाचव्यात गप्पा बंद होतात, सहाव्यात हसू बंद होतं आणि सातव्यात देव आठवतो. छातीत किती दम आहे ते यातून आकड्यात कळतं. सात टप्पे पुरे केले, म्हणजे एकसष्ट फेऱ्या, की तीन आठवड्यांच्या धावण्याच्या शिबिरात नाव. खरा ट्रॅक, खरे प्रशिक्षक, आणि घरापासून लांब एकटीनं राहणं! यादी शुक्रवारी लागणार होती. आज बुधवार.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून पडलेलं, आणि घरातून निसटून शाळेत पोचलेलं. गेल्या वर्षी ती एकोणचाळीस फेऱ्यांत गारद झाली होती. पण गेल्या वर्षीची भिंगरी वेगळी होती, वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरणारी. या सुट्टीत ती रोज पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर पळाली होती. बाबांनी स्वतःच्या टेपनं वीस मीटर मोजून खडूच्या दोन रेषा मारून दिल्या होत्या. आठ दिवसांपूर्वी तिथे तिनं चौसष्ट फेऱ्या मारल्या. चौसष्ट! मग आज अठ्ठावन्न कशा?

"सुट्टीत गाद्या झिजवल्यात सगळ्यांनी, दुसरं काय!" बाई म्हणाल्या. त्या हॉलच्या कोपऱ्यात रचलेल्या खोक्यांवर चटई टाकून राणीसारख्या बसल्या होत्या, मांडीवर फोन, गळ्यात शिट्टी. "एकीचाही आकडा वर नाही. हरिणी, तू गेल्या वर्षी एकाहत्तर होतीस. आज सहासष्ट. फोन बघत लोळलीस ना?"

हरिणी म्हणजे संघाची कप्तान. शिबिरात तिचं नाव सहासष्टलाही पक्कंच होतं, त्यामुळे तिनं नुसते खांदे उडवले.

"बाई," भिंगरी म्हणाली, "काहीतरी गडबड आहे. मी घरी चौसष्ट मारल्यात."

"घरी मीसुद्धा विमान चालवते," बाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. हरिणीनं तर सूर लावला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

आणि यातली खरी गंमत अशी, की ते अंगण, म्हणजे हॉलची ती नवी कोरी राखाडी फरशी, सुट्टीत भिंगरीच्या बाबांनीच घातली होती. ते फरशी बसवायचं काम करायचे. तेव्हा हसणं अंमळ जास्तच वेळ चाललं.

भिंगरीला पहिला संशय आला तो फोनचा. दुसरा बोरूचा.

बोरू तिची जिवाभावाची मैत्रीण. काडीसारखी बारीक आणि हातात कायम पेन, म्हणून बोरू. परीक्षेत एक पळते आणि दुसरी तिच्या फेऱ्यांवर खुणा करते. भिंगरीच्या खुणा बोरूनं केल्या होत्या.

"कागद दाखव," भिंगरी म्हणाली.

"का?"

"दाखव म्हटलं ना."

बोरूनं कागद दिला, पण भुवया टाळूपर्यंत चढल्या. "माझ्यावर संशय? मी? तुझ्यासाठी विज्ञानाच्या तासाला खोटं खोकले ती मी?"

"संशय नाही गं. खात्री करतेय."

"संशय घेणाऱ्या सगळ्या असंच म्हणतात."

खुणा बरोबर होत्या. पाच-पाचच्या जुड्या, शिस्तीत, अठ्ठावन्न. मग दोघींनी बाईंकडून गोड बोलून फोन मागून घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाशी बीप ताडून पाहिले. टप्पा मिनिटाचाच भरत होता. फोन निर्दोष सुटला, बोरू निर्दोष सुटली, आणि भिंगरी हॉलच्या मधोमध मटकन खाली बसली.

खाली बसली म्हणून दिसलं.

इतर कुठल्याही मुलीला ते दिसलं नसतं. पण भिंगरीनं पाढे शिकायच्या आधी फरश्या मोजल्या होत्या. दोन फरश्यांच्या मधला सांधा रुंद होता. तिनं कंपासपेटीतली पट्टी काढून सांध्यावर ठेवली. बरोबर एक सेंटिमीटर. पुढचा सांधाही एक. त्याच्या पुढचाही.

"बोरू! बाईंनी रेषा कशा मारल्या?"

"नेहमीसारख्या. चाळीस फरश्या मोजल्या आणि खडू ओढला. अर्ध्या मीटरची फरशी, चाळीस फरश्या, वीस मीटर. पंधरा वर्षं असंच तर करतात."

"पंधरा वर्षं जुनी फरशी होती! ती फरशीला फरशी चिकटवून घातलेली. या फरश्यासुद्धा अर्ध्या मीटरच्याच आहेत, पण मध्ये फटी आहेत. चाळीस फटी. चाळीस सेंटिमीटर!"

बोरूचं पेन आपोआप चालू लागलं. "प्रत्येक फेरीला चाळीस जास्त... अठ्ठावन्न फेऱ्यांत... तेवीस मीटर. अगं, तू एक फेरी जास्त मारलीस!"

"नुसती एक फेरी नाही. प्रत्येक वेळी त्याच वेळात जास्त लांब पळायचं म्हणजे प्रत्येक वेळी जास्त जोरात. दम आधीच संपणार ना! म्हणून हरिणीच्यासुद्धा पाच गेल्या." भिंगरी उठून उड्या मारायला लागली. अंगण खरोखर वाकडं होतं! जगात पहिल्यांदाच कुणीतरी हे पट्टीनं सिद्ध केलं होतं. "चल बाईंकडे!"

"चल," बोरू म्हणाली. मग पेन गालाला लावून, कसलाही वाईट हेतू नसताना, ती बोलली, "पण तुझ्या बाबांनी एवढ्या फटी का सोडल्या गं? फरश्या कमी लागाव्यात म्हणून?"

भिंगरीची उडी हवेतच संपली.

कारण त्यांच्या घरच्या बाथरूममध्ये त्याच महिन्यात नवी फरशी बसली होती. राखाडी. पांढरे बारीक ठिपके असलेली. तिनं खाली पाहिलं. राखाडी. पांढरे बारीक ठिपके.

"उद्या सांगू बाईंना," ती म्हणाली. "आज उशीर झालाय."

"आत्ताच तर धावत होतीस."

"उद्या म्हटलं ना!"

घरी गेल्यावर तिनं दप्तर फेकलं, पट्टी घेतली आणि बाथरूमचं दार आतून लावलं. इथे मात्र फरशीला फरशी अशी भिडलेली की सांध्यात केस शिरला नसता. शाळेत फटी आणि घरी नाहीत! तिनं मनात हिशेब मांडला. हॉल लांबीला चोवीस मीटर आणि रुंदीला चौदा. फटींमुळे पन्नासेक फरश्या वाचल्या असणार. बाथरूमला बारा-पंधरा पुरतात. मग बाकीच्या कुठे गेल्या? विकल्या?

"भिंगरी," बाहेरून आईचा आवाज आला, "आत झोपलीस की काय?"

"आई, ही फरशी कुठून आणली गं बाबांनी?"

"मला काय माहीत? त्यांच्या कामावरून आणली. का, घसरलीस?"

"नाही. सहज विचारलं."

"तू सहज काही विचारत नाहीस," आई म्हणाली आणि निघून गेली.

बाबा संध्याकाळी आले. गुडघ्यांवर सिमेंटचे पांढरे गोल, हातात थापी आणि रबरी हातोड्याची पिशवी. रोजच्यासारखेच ते दारातच थांबले आणि बुटाच्या टाचेनं उंबऱ्यापुढची फरशी ठोकली. टक. ती त्यांची जुनी खोड. खाली सिमेंट नीट बसलेलं नसलं की फरशी पोकळ वाजते आणि पोकळ वाजणारी फरशी आज ना उद्या फुटते, म्हणून ते कुठेही गेले तरी टाच ठोकायचे, अगदी दवाखान्यातसुद्धा. आज मात्र भिंगरीला वाटलं, हा माणूस किती साळसूद आहे! बघा, कसा ठोकतोय.

"काय मग, किती?" बाबांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

बाबा पिशवी ठेवता ठेवता थांबले. "मी टेप धरली होती त्या रस्त्यावर तू चौसष्ट मारल्यास."

"हो ना."

"मग?"

"मग काय, नाही जमलं."

जेवताना ती बाबांकडे चोरून बघत होती. ते वाढून घेताना तिच्याकडे बघत नव्हते, म्हणजे नजर चुकवत होते. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे अंदाज घेत होते. एकदा संशयाचा चष्मा लागला की माणसाचं पाणी पिणंसुद्धा पुरावा वाटतं. शेवटी तिला राहवेना.

"बाबा, बाथरूमच्या फरश्या शाळेच्या आहेत?"

आईचा हात भांड्यावर थांबला. बाबांनी घास संपवला. मग पाणी प्यायले. मग शांतपणे म्हणाले, "हो. शाळेच्याच."

एवढंच! उठून हात धुतले, आणि तिथूनच म्हणाले, "सकाळी मी येतो तुझ्याबरोबर शाळेत. तुझ्या बाईंना भेटायचंय."

भिंगरीला त्या रात्री पन्नास फरश्या छातीवर ठेवल्यासारखं झालं. बाईंना खरं सांगितलं तर परीक्षा पुन्हा होईल, शिबिर मिळेल, आणि फटी का सोडल्या हा प्रश्न दुसऱ्या मिनिटाला निघेल. हरिणी काय म्हणेल हे तर तिला सुरासकट ऐकू येत होतं. आणि नाही सांगितलं तर? तर शुक्रवारी यादी लागेल, नाव नसेल, आणि बाबा बाबाच राहतील. कूस बदलून बदलून तिनं चादरीची सुरळी केली.

सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात टेप. कबुली द्यायला जाणारी माणसं इस्त्रीचाच शर्ट घालत असणार, भिंगरीला वाटलं. शाळेचं फाटक दिसलं तशी तिनं बाबांची बाही धरली.

"बाबा, राहू दे. तू परत जा. मला नाही जायचं शिबिराला."

"का गं?"

"नाही जायचं. कंटाळा आला पळायचा."

"तुला? पळायचा?" बाबा थांबले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाहीवरच्या मुठीकडे. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हळूहळू वर चढली आणि तिथेच थांबली. "भिंगरे. काल आई म्हणाली, बाथरूममध्ये पट्टी सापडली. तू फटी मोजत होतीस. मला वाटलं, रेषांचं अंतर चुकलंय म्हणून. पण तुला वाटतंय मी फरश्या चोरल्या."

भिंगरीनं बुटाकडे पाहिलं.

"आणि चोर बापाला वाचवायला शिबिर सोडायला निघालीस." ते रागावले होते की नव्हते, आवाजावरून काहीच कळेना. "चल. आधी फरशी बघू. रागवायचं का ते मग ठरवू."

हॉलमध्ये पहिल्या तासाच्या मुली उभ्या होत्या. हरिणी होती, बोरू होती, आणि बाई आपल्या खोक्यांच्या सिंहासनावर हजेरी घेत होत्या.

"बाई, नमस्कार. तुमच्या धावायच्या रेषा फरश्या मोजून मारता, असं भिंगरी मागे म्हणाली होती. अजून तसंच का?" बाबांनी सरळ विषयाला हात घातला.

"पंधरा वर्षं," बाई म्हणाल्या. "का?"

बाबांनी टेपचं टोक बोरूच्या हातात दिलं. दोन वेळा सरकवत ते दुसऱ्या रेषेपर्यंत गेले. सगळा हॉल मान वळवून बघत होता. "वीस मीटर चाळीस," ते म्हणाले.

बाई स्वतः आल्या, वाकल्या, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. आकडा काही बदलला नाही. मग त्यांचे डोळे बारीक झाले. भिंगरी रात्रभर ज्याला घाबरली होती तो प्रश्न आता येणार होता, आणि आलाच.

"म्हणजे फरश्यांत फटी सोडल्यात तुम्ही. का सोडल्यात? आधीच्या फरशीला तर एक फट नव्हती."

"आणि आधीच्या फरशीचं काय झालं, बाई?"

आठवलं सगळ्यांनाच. गेल्या उन्हाळ्यात, भर पेपर चालू असताना, बंदुकीची गोळी सुटावी तसा आवाज झाला होता आणि हॉलच्या मधल्या फरश्या तंबूसारख्या वर उठल्या होत्या. चार मुली बाकांवर चढल्या होत्या. त्यातली एक हरिणी.

"या खिडक्यांतून दिवसभर ऊन येतं," बाबा म्हणाले. "फरशी तापते, तापली की फुगते. एवढ्या मोठ्या हॉलात तिला अंग पसरायला जागा ठेवली नाही तर ती जाणार कुठे? वर. म्हणून फट. घरच्या बाथरूमला फट लागत नाही, ते काडेपेटीएवढं." हे शेवटचं त्यांनी भिंगरीकडे बघून म्हटलं.

बाईंचा संशय काही इतक्यात मिटणाऱ्यांतला नव्हता. "मग फरश्या कमी लागल्या असतील की. उरलेल्या कुठायत?"

"अठ्ठेचाळीस उरल्या. शाळेच्या ताब्यात दिल्या, पुढेमागे एखादी फुटली तर लागतील म्हणून. गाडीतून येतानाच कोपरे उडालेल्या चौदा होत्या, त्या फेकण्याऐवजी घेऊन जा म्हणून मोठ्या बाईंनी चिठ्ठी दिली. त्या माझ्या बाथरूममध्ये आहेत. तुटके कोपरे कापून बसवल्यात."

"ताब्यात दिल्या म्हणजे कुठे? मी तर कुठे बघितल्या नाहीत."

बाबा घुटमळले. मग अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्ही रोज त्यावरच बसता, बाई."

बोरूनं चटई उचलली. बारा खोकी, प्रत्येकावर लिहिलेलं: चार नग. बारा चोक अठ्ठेचाळीस, भिंगरीच्या डोक्यात पाढा वाजला, आणि ती इतकी मोठ्यांदा हसली की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिनं बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही वापरली. त्यांनी बाही सोडवून घेतली नाही.

बाई खोक्यांकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शिट्टी कुठे ठेवावी ते सुचत नव्हतं. "पुसा त्या रेषा," शेवटी त्या म्हणाल्या. "शुक्रवारी यादी नाही, परीक्षा."

आणि शुक्रवारी बाबांना टेप घेऊन बोलावलं. नव्या रेषा मारून झाल्यावर ते रेषेपाशीच रेंगाळले, तशा बाई आपल्या खोक्यांवरून कडाडल्या. "तुम्ही काय करताय तिथे? मुलगी पळणार आणि बाप रेषेवर? माझा आता फरशीवरसुद्धा विश्वास नाही."

"बघू तरी द्या, बाई."

"पाठ करून उभे राहा."

आणि ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे, हात मागे बांधून.

भिंगरी पळायला लागली. पन्नासपर्यंत ती कुणाचाच विचार करत नव्हती. त्यानंतर पाय शिशाचे झाले, आणि दर दुसऱ्या फेरीला समोर ती पाठ येऊ लागली. इस्त्री मोडलेला शर्ट, मागे बांधलेली, सिमेंटनं फुटलेली बोटं. अठ्ठावन्न. पाठीचा एक कान तिच्याकडे वळल्यासारखा वाटला. एकोणसाठ. बोरू किंचाळत होती. साठला बूट आणि बीप एकदमच टेकले. बाईंचं बोट अर्धं वर आलं आणि परत खाली गेलं. एकसष्टला ती पाठीपाशी पोचली तेव्हा बीपला वेळ होता, एक अख्खा श्वास भरून. ती पुढे पळतच राहिली. त्रेसष्टला थांबली, तीही चपटी होऊन.

"झाल्या! त्रेसष्ट!" बोरूनं कागद नाचवला. "आणि कुणाला मोजून बघायचं असेल तर बघा, माझ्या खुणा तपासणाऱ्यांची रांगच लागलीय!"

हरिणी बाहत्तरवर होती आणि आनंदात होती, त्यामुळे तिनं पाण्याची बाटली भिंगरीच्या पोटावर ठेवली आणि नुसतं म्हटलं, "अंगण सरळ झालं वाटतं."

"वळू का?" भिंतीकडून आवाज आला.

"वळा," बाई म्हणाल्या.

बाबा वळले. फरशीवर पसरलेल्या लेकीजवळ येऊन उकिडवे बसले.

"ऐकत होतास ना सगळं?" भिंगरीनं धापा टाकत विचारलं. "मोजत होतास?"

"छे! मी कशाला मोजू? कुठली फरशी पोकळ वाजतेय ते ऐकत होतो."

"खोटारडा."

"खरंच. एक वाजतेय." ते उठले, खिडकीच्या बाजूला गेले, चौथ्या रांगेतल्या एका फरशीवर टाच ठोकली. टक नव्हे, टोक. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बघ. माझीच चूक. रविवारी येऊन बदलून देतो." मग मान वळवून ते म्हणाले, "बाई, जरा उठता का? एक फरशी काढून ठेवतो."